दुर्बीण झालीये माझी

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या घरी फ्रिजवर पाच आठवडे एक पांढरं पाकीट पडून होतं. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला गाडीच्या किल्ल्या. पाकिटावर नवऱ्याचं नाव. विमा कंपनीने पाठवलेलं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या घरच्या घरी करायच्या चाचणीचं. आत बोटभर लांबीची बाटली, तिच्या झाकणालाच जडवलेली काडी, कमोडमध्ये अंथरायचा पातळ कागद आणि टपालखर्च आधीच भरलेलं परतीचं पाकीट. कागदावर जे पडेल त्याला काडीने चार-सहा ठिकाणी खरवडायचं, काडी बाटलीत खोचून झाकण घट्ट करायचं, लेबलवर तारीख लिहायची, पोस्टात टाकायचं. प्रयोगशाळेत माणसाच्याच रक्तातलं प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडं वापरतात, त्यामुळे आदल्या रात्री मटण खाल्लं होतं का, असले जुने प्रश्नही आता उरलेले नाहीत. डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं तर पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारावाटे नळी घालून मोठं आतडं आतून पाहायचं. नाही सापडलं तर वर्षभराची सुट्टी.

"उद्या नक्की," नवरा म्हणायचा.

आता यातली गंमत सांगते. मी पोटापाण्यासाठी हेच मोजते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी अमेरिकेत कोण करून घेतं आणि कोण टाळतं, हे राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांच्या आकड्यांतून काढायचं, ही माझी नोकरी. ऑफिसात दोन पडद्यांवर तीस हजार माणसांच्या ओळी उघडून बसायचं, आणि घरी आलं की फ्रिजवरची एक ओळ जागची हललेली नसायची.

मी वापरते त्यातलं मुख्य सर्वेक्षण १९५७ पासून अखंड चालू आहे. जनगणना खात्याची माणसं पत्ते घेऊन घरोघर जातात, घरातला एक प्रौढ चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला जातो, आणि मग बसून प्रश्न. रक्तदाब, दातदुखी, विमा, सिगारेट, झोप. कॅन्सरची सविस्तर पुरवणी १९८७ मध्ये जोडली गेली आणि तेव्हापासून काही काही वर्षांनी ती येत राहते. उत्तरांतून नावगाव पुसून फाइल इंटरनेटवर ठेवतात. कोणीही उतरवून घ्यावी, पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. या एका गोष्टीसाठी मला या देशाच्या नोकरशाहीबद्दल मनापासून आदर आहे. त्याखेरीज फोनवरून चालणारं दुसरं मोठं सर्वेक्षण आहे, १९८४ पासूनचं, त्यात वर्षाला चार लाखांवर मुलाखती होतात. पण माझा जीव दार ठोठावणाऱ्या सर्वेक्षणात अधिक.

त्या फाइलीत प्रत्येक माणसाच्या ओळीत एक 'वजन' असतं. म्हणजे हा माणूस देशातल्या किती जणांच्या वतीने बोलतोय तो आकडा. सरासरी धरली तर एकेक जण सुमारे आठ हजारांचा मुखत्यार. नव्याने कामाला येणारी मुलं हे वजन लावायला विसरतात आणि चुकीचं उत्तर आणतात. मी त्यांना सांगते, लग्नात मुलाकडचे पंचवीस आणि मुलीकडचे पाचशे आले असतील तर मांडवातल्या सगळ्यांची सरासरी काढून 'दोन्हीकडच्यांना जेवण आवडलं' असं लिहू नका. काही जण तर मांडवातच नसतात. नर्सिंग होममध्ये पडलेले म्हातारे या सर्वेक्षणात नाहीत, तुरुंगातले नाहीत. आणि ज्यांची निवड झाली त्यातलेही हल्ली निम्म्याच्या आसपासच दार उघडून शेवटपर्यंत उत्तरं देतात.

तरी या फाइलींनी एक गोष्ट मोठी छान दाखवली आहे. २००० साली पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांत ३८ टक्क्यांनीच वेळेवर तपासणी केलेली होती. २०१८ साली ६६ टक्के. अठरा वर्षांत एवढी चढण कॅन्सरच्या क्षेत्रात सहसा बघायला मिळत नाही. कारणं एकात एक गुंतलेली. केटी कुरिक या टीव्हीवरच्या प्रसिद्ध निवेदिकेचा नवरा १९९८ साली आतड्याच्या कॅन्सरने गेला, वय ४२. मार्च २००० मध्ये तिने स्वतःची कोलोनोस्कोपी सकाळच्या कार्यक्रमात देशाला दाखवली, आणि पुढच्या महिन्यांत कोलोनोस्कोप्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. २००१ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात सर्वसाधारण जोखमीच्या माणसालाही कोलोनोस्कोपी मिळू लागली. टीव्हीने घाबरवलं आणि विम्याने पैसे दिले. माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण त्याच फाइलीत विमा नसलेल्यांचा रकाना उघडला की प्रमाण इतरांच्या निम्म्याच्याही खाली घसरतं. निवेदिका तर सगळ्यांच्याच घरात दिसत होती.

पण मी इथे लिहायला बसले ते या चढणीसाठी नाही. चढण ज्या दगडांची बनली आहे, ते दगड म्हणजे लोकांचे 'हो'. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

पहिला 'हो' माझाच. दोन वर्षांपूर्वी नव्या डॉक्टरकडे गेले. कागद भरताना प्रश्न आला, शेवटची कोलोनोस्कोपी कधी? मी बिनधास्त लिहिलं, तीन वर्षांपूर्वी. घरी येऊन जुन्या दवाखान्याची नोंद उघडली तर साडेसहा वर्षं झाली होती. मला ती आदली रात्र लख्ख आठवत होती. ते खारट लिंबाच्या चवीचं चार लिटर पाणी, बाथरूमच्या दाराबाहेर मुलीने आणून ठेवलेली उशी, पहाटे तीनला आरशात दिसलेला माझा चेहरा. इतकं ताजं वाटत होतं की ते लांबचं असूच शकत नव्हतं. आमच्या शास्त्रात या चुकीला 'टेलिस्कोपिंग' म्हणतात. दुर्बिणीतून पाहिल्यासारखी लांबची घटना जवळ येऊन उभी राहते. माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या डोळ्याला दुर्बीण लागलेली असते. सांगितलेलं उत्तर दवाखान्याच्या नोंदीशी ताडून पाहणारे अभ्यास बरेच झाले आहेत आणि सूर एकच. लोक तपासणी झाल्याचं जास्त सांगतात आणि अलीकडे झाल्याचं सांगतात. मी तेच अभ्यास वर्गात शिकवते, आणि कागदावर तीन लिहून आले.

दुर्बिणीवरून आठवलं. दुसरा 'हो' माझ्या मिरजेच्या मामांचा.

मामा एसटीतून निवृत्त झालेले. मिरज म्हणजे दर तिसरी पाटी दवाखान्याची. बेळगावपासून सोलापूरपर्यंतची माणसं तिथे उपचाराला येतात. मामांच्या घराच्या गच्चीवरून तीन हॉस्पिटलं दिसतात. त्या गच्चीवर बसून मामांनी दीड वर्ष रक्त पडतंय ते 'मूळव्याध आहे, उष्णता झाली' म्हणून काढलं. सुरणाची भाजी, ताक, कुणीतरी दिलेलं चूर्ण. चूर्णाने बरंही वाटायचं मधून मधून, कारण रक्त मधून मधूनच पडायचं. शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा हिमोग्लोबिन किती उरलं होतं ते डॉक्टरांनी मामींना आकड्यात न सांगता हाताने दाखवलं. गाठ डाव्या बाजूला होती. ऑपरेशन झालं, मामा वाचले, अजूनही रोज फिरायला जातात.

एकदा मी फोनवर मुद्दाम त्यांना आमच्या प्रश्नावलीतला प्रश्न मराठी करून विचारला. आजाराच्या आधी कधी आतड्याची तपासणी केली होती का?

"अगं, दुर्बीण झालीये माझी. दोनदा."

"वरून की खालून, मामा?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पहिली वरून. आम्लपित्ताची. दुसरी ही आत्ताची."

आपल्याकडे तोंडावाटे घातली तरी दुर्बीण आणि गुदद्वारावाटे घातली तरी दुर्बीण. पोटातला खडा काढायलाही दुर्बीण, गर्भाशय काढायलाही दुर्बीण. भाषेने सगळ्या नळ्या एका शब्दात गुंडाळून ठेवल्या आहेत. मुलाखत घेणारी बाई दाराशी उभी राहून 'झाली आहे का' विचारील तर मामा मान डोलावतील, आणि त्यांच्या वतीने आणखी आठ हजार माना डोलतील. शिवाय दुसरी दुर्बीण स्क्रीनिंग नव्हतीच. ती आजार दारात आल्यावरची धावपळ होती. अमेरिकन प्रश्नावलीत त्यासाठी पुढचा प्रश्न ठेवला आहे: ही तपासणी नेहमीची म्हणून केली, की काही त्रास होता म्हणून? पण कित्येक शोधनिबंधांत तो रकाना वापरतच नाहीत. वेळेत कोलोनोस्कोपी झाली ना, मग धर त्याला तपासणी केलेल्यांत. मीही एके काळी तसंच धरलं आहे.

स्क्रीनिंगला आपल्याकडे 'तपासणी' म्हणतात ते मला कधी पटलं नाही. तपासणी आजाऱ्याची. स्क्रीनिंग म्हणजे चाळण, बरी दिसणारी माणसं चाळून त्यातून एखादा खडा वेगळा काढायचा. पण 'चाळण' म्हटलं तर कोण येईल?

शब्दांचा हा गुंता दिसतो त्याहून खोल आहे. मराठी घरात दिवसाची सुरुवात पोटाने होते. 'पोट साफ झालं का' हा प्रश्न सासरे जावयालासुद्धा विचारू शकतात. इसबगोल, एरंडेल, त्रिफळा, कोमट पाणी, चहा घेतल्याशिवाय 'होत' नाही म्हणून प्रवासात थर्मास. इतक्या मोकळेपणाने बोलणारा समाज दुसरा नसेल असं वाटावं. पण नीट ऐका. त्या बोलण्यात क्रियापदं आहेत, नाम नाही. 'झालं?' 'होत नाही.' 'जाऊन येतो.' काय झालं, कुठे जाऊन येतो, ते कुणी म्हणत नाही. 'परसाकडे' ही नुसती दिशा, घरामागची. 'संडास' ही जागा. 'शौच' म्हणजे तर मुळात शुद्धी. जी गोष्ट आहे तिच्या बरोबर उलट नाव. 'मल' फक्त शाळेच्या पुस्तकात आणि आयुर्वेदाच्या पाटीवर. लहानपणी आमच्याकडे नमुना प्रयोगशाळेत न्यायचा तर रिकाम्या काडेपेटीत नेत. ती काडेपेटी बाबा दोन बोटांत धरून, इतर वेळी कधी न दिसलेल्या घाईने चालत. कंपाउंडर काही न बोलता घेई. सगळा व्यवहार मुक्याने.

आता या भाषेत प्रश्न विचारायचा: 'गेल्या बारा महिन्यांत तुम्ही घरच्या घरी शौचातल्या रक्ताची तपासणी केली आहे का?' आत्या इथे आल्या होत्या तेव्हा मी त्यांच्यावर हा प्रयोग केला. त्या जवळजवळ दचकल्या. "नाही गं बाई, मला कुठे रक्त पडतंय!" प्रश्न चाचणीचा होता, उत्तर लक्षणाचं आलं. 'रक्त' हा शब्द कानावर पडला की पुढचं वाक्य कानात शिरतच नाही. असले अपघात टाळायला इथल्या आरोग्य आकडेवारी केंद्रात प्रश्न छापण्याआधी मोजक्या माणसांना एकेक करून विचारून पाहतात. प्रश्न ऐकून तुमच्या मनात काय आलं, कुठला दवाखाना आठवला, वर्ष कसं ठरवलंत, असं खोदून. मोठं सुंदर काम आहे ते. पण ते इंग्रजी आणि स्पॅनिशसाठी. मूळ प्रश्नावली त्या दोनच भाषांत आहे. घरात इंग्रजी न येणारी आजी निवडली गेली तर नातू दुभाष्या होतो. पंधरा वर्षांचा न्यूजर्सीतला मुलगा आजीला 'शौचातलं रक्त' मराठीत कसं विचारील, याची कल्पना करून पहा. तो स्वतःच 'नो' म्हणून मोकळा होईल. कॅलिफोर्नियाचं वेगळं सर्वेक्षण चिनी, कोरियन, व्हिएतनामी, तागालोग बोलतं. आपल्यातली एकही भाषा त्यात नाही.

त्यामुळे लोक मला विचारतात, 'आपल्या लोकांचं काय प्रमाण आहे गं?', तेव्हा मी जरा अडखळते. आशियाई अमेरिकनांचं प्रमाण २०१८ मध्ये ५५ टक्क्यांच्या आसपास निघालं होतं, गोऱ्यांपेक्षा बरंच कमी. पण त्या 'आशियाई'त फिलिपिन्सची नर्स, चिनी आचारी आणि गुजराती मोटेलवाला एकत्र. फक्त भारतीय वेगळे काढावेत तर एका वर्षाच्या फाइलीतले पन्नाशीपुढचे भारतीय एखाद्या मुंजीच्या पंगतीत मावतील. त्यावरून काढलेल्या टक्केवारीला इतकी मोठी चूकभूल जोडावी लागते की आकडा न सांगितलेला बरा. मराठी माणूस तर त्यात शोधायलाच नको, मातृभाषेचा रकाना नाही.

इंग्लंडने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे लोकांना विचारतच नाहीत. नमुन्याच्या डब्या सरकार घरी पाठवतं, किती परत आल्या ते संगणक मोजतो. २००० च्या सुमारास कॉव्हेंट्री-वॉरिकशायर भागात पथदर्शी प्रयोग झाला. पण आलेल्या डबीवर जातकूळ लिहिलेली नसते. मग संशोधकांनी काय केलं, तर नावं पाहून माणूस दक्षिण आशियाई आहे की नाही हे ओळखणारी एक संगणकप्रणाली वापरली. तिचं नाव चक्क 'नाम पहचान'. तिने ओळखलेल्या पटेल, सिंग, खान मंडळींनी डबी परत करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा फारच कमी निघालं. काम मोलाचं आहे, त्यातूनच पुढे तिथल्या समाजांत जाऊन बोलणं सुरू झालं. पण मला वाचताना आमच्या म्हापशाच्या शेजारणीची आठवण झाली. आडनाव फर्नांडिस, बोलणं कोंकणी-मराठी, शौचाबद्दलची लाज आमच्याइतकीच. तिला ती प्रणाली बहुधा पोर्तुगीज समजली असती.

आणि भारतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण चालवणारी संस्था मुंबईत, देवनारला. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, सहा लाखांहून जास्त घरांत माणसं गेली. त्यात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी झाली का असं विचारलं. तिशी ते एकोणपन्नाशीच्या बायकांत गर्भाशयमुखाची १.९ टक्के, स्तनाची ०.९ टक्के. पुरुषांत तोंडाची १.२ टक्के. हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा दशांश चिन्ह चुकलंय का म्हणून मी परत तक्ता उघडला होता. आतड्याचा प्रश्न त्यात नाही, आणि नसण्याला कारण आहे. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळच कमी होतो, आणि सरकारी तपासणी कार्यक्रमात पहिले तीनच घेतले आहेत. सगळ्या देशाला दर वर्षी डबी पाठवा असं मीही म्हणणार नाही. पण मिरजेला गेले की मामा आपल्या मित्रांची नावं सांगतात, कोणाला शौचासाठी पोटावर 'पिशवी' लावली, कोणाची काढली. आणि मला माहीत असतं की या माणसांची ओळ कुठल्याच फाइलीत नाही. त्यांना 'नाही' म्हणायचीसुद्धा संधी मिळालेली नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर ऐकणारे म्हणतात, मग तुझ्या या सर्वेक्षणांना अर्थ काय? उगाच हो ला हो.

अर्थ आहे. लोक दर वर्षी साधारण तेवढंच वाढवून सांगत असतील, तर ३८ काय किंवा ६६ काय, खरे आकडे दोन्ही थोडे खालचे. चढण खरीच राहते. माझा घोळ होतो तो दोन समाजांची तुलना करताना, कारण वाढवून सांगण्याचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. जिथे डॉक्टरशी बोलणं कमी, कागद कमी, तिथे आठवण जास्त ताणली जाते, आणि मग कागदावरची दरी खऱ्या दरीपेक्षा अरुंद दिसते. मी हल्ली निबंधात हे शेवटच्या परिच्छेदात न टाकता पहिल्या पानावर लिहिते. संपादक ते खाली ढकलतात. मी परत वर आणते.

आणि एक. २०२१ मध्ये अमेरिकेत तपासणीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आलं. त्या वर्षीचा आकडा ५९ टक्के निघाला तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला फोन केला, सात टक्के कसे घसरले, कोविडमुळे का? कोविडचा वाटा असेलही. पण मुख्य म्हणजे छेदात पंचेचाळिशीची नवी मंडळी आली होती, आणि त्यातल्या पाचातल्या एकानेच काही केलं होतं. मांडव वाढला आणि ताटं तेवढीच. तसंच २०२२ मधल्या एका युरोपीय प्रयोगाचं. पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधल्या अठ्ठावीस हजार लोकांना कोलोनोस्कोपीचं बोलावणं गेलं. दहा वर्षांत कॅन्सरची जोखीम न बोलावलेल्यांत १.२० टक्के, बोलावलेल्यांत ०.९८ निघाली. वर्तमानपत्रांनी ओरड केली की एवढाच फायदा! खाली बारीक अक्षरात होतं की बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले होते. बाकीच्यांची पाकिटं त्यांच्या त्यांच्या फ्रिजवर असणार.

सहाव्या आठवड्यात, एका शनिवारी, नवरा बाथरूममधून बाहेर आला आणि विजयी मुद्रेने म्हणाला, "झालं!" मराठी पद्धतीने, नुसतं क्रियापद. पाकीट चिकटवून तो स्वतः चालत जाऊन पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकून आला. संध्याकाळी त्याने मित्रालाही फोनवर सुनावलं, अरे दोन मिनिटांचं काम, कसला घाबरतोस.

बारा दिवसांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. लेबलवर नमुना घेतल्याची तारीख नसल्याने नमुना तपासता आला नाही, नवीन संच वेगळ्या टपालाने पाठवत आहोत.

त्याने पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "पण मी केली तर आहे ना टेस्ट?" तो म्हणाला. "कोणी विचारलं तर मी हो म्हणणार."

नवीन पाकीट काल आलंय. फ्रिजवर केळ्यांशेजारी आहे. या खेपेला मी त्याच्यावर रबराने एक पेन बांधून ठेवलंय.